मर्दानी खेळासाठी जांबिया, बिचवा, कट्यार : हातात बसणारं शस्त्र कसं निवडावं

दसरा महिन्यावर आला की तालमीत नव्या पोरांचा एकच प्रश्न असतो, "वस्ताद, जांबिया कुठनं घेऊ?" वळलेल्या पात्याचा हा खंजीर कसला घेऊ, केवढा घेऊ, हे सहसा कुणी विचारत नाही. कोल्हापुरात मर्दानी खेळाची तालीम शोधावी लागत नाही, शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत लाठीचा आवाज लहानपणापासून कानावर पडतो. त्यामुळं शस्त्राची ओढ लवकर लागते आणि निवडण्याची समज मात्र मागं राहते. लाठी चुकीची घेतली तर फार तर तळहाताला फोड येतात. हातभर अंतरावर खेळायचं शस्त्र चुकीचं निघालं तर ते समोरच्याच्या अंगावर उमटतं. म्हणून हा लेख.

माझी चूक आधी सांगतो. एकोणिसाव्या वर्षी एका यात्रेत मी जांबिया घेतला. पितळी मूठ, लाल मखमली म्यान, आरशासारखं चकचकीत पातं. तिसऱ्या दिवशी सरावात वार फिरवला आणि हातात नुसती मूठ राहिली. पातं समोरच्या मित्राच्या कानाजवळून भिंतीवर आदळलं. वस्तादांनी ती मूठ उचलली, उजेडाकडं धरून आत बघितलं आणि माझ्यापुढं केली. आत पोकळ. पात्याचं जेमतेम बोटाच्या पेराएवढं शेपूट कसल्यातरी राळेत चिकटवलेलं. "पातं बघून घेतलास नव्हं? आता मूठ बघायला शीक," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून मी कुणालाही शस्त्र निवडून देताना आधी मूठ बघतो, पातं नंतर.

कशासाठी हवंय ते आधी ठरवा

सराव, मिरवणुकीतलं प्रात्यक्षिक आणि घरातला संग्रह या तिन्हींसाठी एकच शस्त्र चालत नाही. सरावाचं लाकडी किंवा रबरी असावं. प्रात्यक्षिकाचं धातूचं, पण बिनधारेचं आणि बोथट टोकाचं. संग्रहातलं शस्त्र भिंतीवरच राहू द्यावं, ते खेळायला काढू नये. पहिल्या वर्षी फक्त सरावाचं घ्या, बाकीचा विचारही नको.

चौथं कारण काहीजण हळू आवाजात सांगतात : "स्वतःच्या रक्षणासाठी जवळ ठेवायचाय." त्यांना मी एक प्रयोग करायला लावतो. दोघांना पांढरे बनियन घालायला सांगतो, लाकडी जांबियाच्या दोन्ही कडांना गुलाल चोळतो, डोळ्यांवर गॉगल देतो आणि दोन मिनिटं खेळू देतो. थांबल्यावर दोघांच्याही दंडावर, मनगटावर, पोटावर गुलालाच्या रेघा असतात. जिंकणाऱ्याच्या बनियनवरही. सराव कितीही असो, हातभर अंतरावर पातं निघालं की कोरडं कुणी राहत नाही. हे डोळ्यांनी बघितलेला मुलगा खिशात चाकू घेऊन फिरायची गोष्ट पुन्हा काढत नाही.

कायदा माहीत हवा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांत धारदार शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. तलवार, खंजीर, भाला आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तत्सम शस्त्रं त्यात येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत, म्हणून विळी आणि ऊसतोडीचा कोयता घरात चालतो. याशिवाय सणासुदीला, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात बंदी आदेश निघतात. तो आदेश लागू असताना शस्त्र घेऊन रस्त्यावर फिरणं हा गुन्हा होतो, मग पातं लहान का असेना. प्रात्यक्षिक असेल तर तालमीच्या नावानं आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या, शस्त्रांची यादी जोडा आणि शस्त्रं एकत्र, बांधून, जबाबदार माणसाच्या हाती न्या. मोटारसायकलवर कमरेला जांबिया खोचून कुणी येत असेल तर त्याला तालमीच्या दारातूनच परत पाठवावं.

कोणता प्रकार घ्यावा

जांबिया मूळचा अरबांकडचा. नावातच अरबी 'जन्ब' म्हणजे बाजू, कूस आहे, कारण तो कमरेच्या बाजूला खोचला जाई. वळलेलं दुधारी पातं, मधून उभा कणा, साधी सरळ मूठ. शिकणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी, कारण मूठ ओळखीची वाटते आणि लाकडात हा आकार सहज उतरतो.

बिचवा म्हणजे विंचू. पात्याला नांगीसारखं दुहेरी वळण, आणि मुठीला बोटं आत घालायचं सलग कडं. या कड्यामुळं शस्त्र हातातून सुटत नाही, हा त्याचा गुण. पडताना हात मोकळा करता येत नाही, हा नवख्यासाठी दोष. मातीत लोळण घेण्याचा सराव झाल्याशिवाय बिचवा घेऊ नका.

कट्यारीची गोष्टच निराळी. तिची मूठ आडवी असते, दोन बाजूंच्या पट्ट्या मनगटाच्या अंगाला येतात आणि पातं आवळलेल्या हाताच्या रेषेतच पुढं निघतं. म्हणजे ठोसा मारावा तसा वार जातो आणि अंगाचं सगळं वजन त्याच्यामागं उतरतं. सरावात हात थोडा जरी जास्त पुढं गेला तरी जोडीदाराला त्याचा पुरता मार बसतो. माझ्या मते कट्यार सगळ्यांत शेवटी शिकावी. ती निवडताना दोन पट्ट्यांमधल्या जागेत तळहात आडवा घालून बघा : चारही बोटं आडव्या दांड्याभोवती पूर्ण बसली पाहिजेत आणि पट्ट्या हाताला घासता कामा नयेत.

पेशकब्ज जाड पाठीचं, चिलखताच्या कड्यांत घुसण्यासाठी घडलेलं हत्यार आहे, खेळात त्याचं काम नाही. वाघनखांची मागणी मात्र हल्ली फार वाढलीय. प्रतापगडाची १० नोव्हेंबर १६५९ ची भेट प्रत्येकाला पाठ असते, त्यात जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हापासून लहान पोरंही मागायला लागलीत. ती देऊ नका. अंगठ्या बोटाला घट्ट बसल्या तर सराव करून बोटं सुजल्यावर निघत नाहीत, सैल बसल्या तर नख्या स्वतःच्याच तळहातात वळतात.

खरी जुनी शस्त्रं बघायची असतील तर कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात सावकाश एक दुपार काढा. पात्यांपेक्षा मुठी बघा.

मुठीचं माप घ्यायची रीत

वर्तमानपत्राचं एक पान घट्ट गुंडाळा. मूठ वळून धरा. मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागाला टेकलं तर गुंडाळी बारीक आहे, आणखी कागद चढवा. टोक आणि तो भाग यांच्यात करंगळीच्या जाडीएवढी फट राहिली की माप जुळलं. आता भोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. माझा घेर १० सेंटिमीटर येतो, तुमचा वेगळा येईल. हे माप कागदावर लिहून सुताराला द्या. लांबी चार बोटांची रुंदी अधिक दोन्हीकडं बोटभर.

मूठ गोल करून घेऊ नका. कुऱ्हाडीचा दांडा हातात घेऊन बघा, तो थोडा चपटा, अंडाकार असतो, म्हणून न बघताही कळतं की धार कुठं आहे. जांबियाची मूठही तशीच हवी. डोळे मिटून धरली तरी कड कुठल्या अंगाला आहे हे हाताला समजलं पाहिजे. गोल मूठ घामानं फिरते आणि कड भलतीकडंच जाते.

मूठ आणि पातं जिथं भेटतात तिथं आडवी अडसर हवी, तिला परज म्हणतात. ती पुरेशी आहे का हे तपासायची सोपी रीत : हात साबणाच्या पाण्यात बुडवा, लाकडी जांबिया घट्ट धरा आणि टोक भिंतीवर जोरानं दाबा. हात घसरून पात्यावर आला तर परज कमी पडते. मुठीला सुती दोरी आवळून गुंडाळली तर पकड सुधारते. सायकलच्या ट्यूबची पट्टीही चालते, पण उन्हाळ्यात ती चिकट होते, म्हणून मला दोरीच बरी वाटते.

लाकूड कोणतं, धातू कोणता

बाभूळ किंवा शिसम घ्या. सागवान हाताला गोड लागतं, पण आपटून आपटून त्याच्या चिळप्या निघतात. फळी विकत घेताना रेषा बघा : त्या पात्याच्या टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. मधे गाठ असेल तर ती फळी कितीही सुंदर असली तरी सोडा, तुकडा गाठीपाशीच पडतो. तासून झाल्यावर पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल पातळ हातानं चोळा आणि दोन दिवस वाळू द्या. शेंगतेल लावू नका, ते वाळत नाही, त्यावर धूळ धरते. दहा-बारा वर्षांच्या पोरांना लाकडीही नको, रबरी द्या.

धातूकडं वळाल तेव्हा ॲल्युमिनियमची ५ मिलिमीटर जाडीची पट्टी उत्तम. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत कागदावर काढलेला आकार दाखवला की पट्टी कापून मिळते. मूठ आणि पातं एकाच पट्टीतून कापून घ्या आणि मुठीला दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या रिवेटनं बसवा. म्हणजे माझ्या त्या जांबियासारखं पातं उडून जायचा प्रश्नच उरत नाही. कडा कानशीनं घासून पूर्ण गोल करा, ३ मिलिमीटरपेक्षा पातळ कड सरावाला नको. टोक रुपयाच्या नाण्याएवढं गोल करा. प्रात्यक्षिकात चमक हवी असते हे मला समजतं, पण चमक पॉलिशनंही येते, त्यासाठी धार लावायची गरज नाही.

लांबी, वजन, तोल

पातं ९ इंचांच्या, म्हणजे साधारण २३ सेंटिमीटरच्या आत ठेवा. खेळालाही तेच सोयीचं, कारण त्याहून लांब पातं जवळच्या अंतरात वळवताना स्वतःच्याच हाताला अडकतं. वजनाचा हट्ट धरू नका. पोरं जड शस्त्र मागतात, जड म्हणजे जोरदार असं त्यांना वाटतं, पण जड शस्त्र निघालं की मधे थांबवता येत नाही आणि जवळच्या खेळात थांबवता येणं हेच कौशल्य. तोल पाहायला परजेच्या किंचित मागं, मुठीच्या बाजूनं, तर्जनीवर शस्त्र आडवं ठेवा. तिथं ते स्थिर राहिलं तर मनगटाला त्रास होत नाही. पात्याकडं झुकलं तर सुताराला पातं थोडं तासायला सांगा.

विकत घेताना दुकानात काय करायचं

तयार शस्त्रच घेणार असाल तर म्यान बाजूला ठेवा, त्याची किंमत विचारूच नका. मूठ एका हातात, पातं कापडात धरून दुसऱ्या हातात, आणि दोन्ही उलट दिशांना पिळा. बारीकशी 'कट' ऐकू आली तर जोड सैल आहे. मग मूठ कानाजवळ नेऊन हलवा. आत काही खुळखुळलं तर परत द्या. दुकानदार म्हणेल, "शोभेचा आहे हो, एवढं कोण बघतं?" तो त्याच्या जागी खरं बोलतो. शोभेचा आहे, म्हणूनच तो खेळायला घ्यायचा नाही.

सांभाळताना

पावसाळ्यात लोखंडी शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पात्यावर गंज चढतो. पातं पुसून, तेलाचा हात फिरवून, सुती कापडात वेगळं ठेवा. खंडेनवमीला आम्ही तालमीतली सगळी शस्त्रं मातीच्या आखाड्याकडेला मांडतो. हळदीकुंकू लावायच्या आधी प्रत्येक मूठ पिळून बघायची, लाकडी पात्यांवरून बोट फिरवून चिळपी शोधायची, अशी वस्तादांनी घालून दिलेली पद्धत आहे. जे सैल निघतं, तडकलेलं निघतं, त्याचीही पूजा होते, पण त्याला लाल दोरा बांधतात, आणि दुसऱ्या दिवशी दसरा चौकात जाणाऱ्या गठ्ठ्यात ते घेत नाहीत.