पॉपी पेरायच्या आधी तण काढा. परत सांगतो, तण!

मागच्या नोव्हेंबरात इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टच्या घरामागे कॅलिफोर्निया पॉपीचं, म्हणजे त्या केशरी रानफुलांच्या बियांचं, अख्खं पाकीट सरळ फेकून मोकळा झालो, जानेवारीत सगळं हिरवंगार, मी खूश, फोटोबिटो पाठवले, आणि ते जवळजवळ सगळं तण निघालं. त्यामुळे यंदा तयारी सप्टेंबरपासून.

ऊन भरपूर हवं, हे सांगायला नको. पाकिटावर 'एश्शोल्त्झिया कॅलिफोर्निका' हे शास्त्रीय नाव लिहिलंय ना तेवढं बघा, नुसतं वाइल्डफ्लॉवर मिक्स, म्हणजे रानफुलांचं मिसळलेलं बी, घेऊ नका, त्यात कुठकुठलं काय काय असतं. (आईला फोनवर पॉपी म्हटलं तर ती अफू समजून घाबरली, मग विचारते खसखस निघेल का. नाही निघणार, ती पॉपी वेगळी.) खत, कंपोस्ट काही नको, फुकट पानं माजतात. रोपंही आणू नका, सोटमूळ असतं, हलवलं की रुसतं.

आता तण. सप्टेंबरात रिकाम्या जागेला पाणी द्या, हो, रिकाम्या जागेला, बायको हसली तरी द्या. दहाबारा दिवसांत तण उगवेल, खुरप्याने वरच्यावर खरवडून काढा. खोल खणू नका, खालचं बी वर येतं. परत पाणी, परत तण, परत खरवडा. दोनदा तरी कराच, कंटाळा आला तरी. ते पिवळ्या फुलांचं ऑक्झॅलिस नावाचं तण असेल तर खरवडून मरत नाही, खाली कंद असतात, ते उकरून काढावेच लागतात. हे सगळं झाल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. नाही म्हणजे नाही.

मग इथल्या हिवाळी पावसाच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बी वाळूत मिसळून रांगोळी सोडतो तसं भुरभुरवा, हाताने दाबा, माती जेमतेम वर. लाकडाच्या चिपा अजिबात पसरू नका, बी खालीच गुदमरतं.

उगवल्यावर घाईने उपटू नका! मी तेही केलं, तणाबरोबर जी चार पॉपी आली होती तीच उपटली. पहिली दोन पानं टोकाला चिरलेली असतात, इंग्रजी वायसारखी, नंतरची शेपूसारखी बारीक. तसं दिसलं की हात मागे. बाकीचं तण, काढा.

गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा. पाऊस दडला तर पाणी. दाटी झाली तर विरळ करा, सहाआठ इंच. ढगाळ दिवशी फुलं मिटतात, मेलेली नसतात. शेंगा वाळून तडकू द्या, पुढचं बी तेच पडतं. आणि फेब्रुवारीत परत एकदा तण बघा.