पाय उडू लागले की आधी लघवीची नळी बघा: मणक्याच्या इजेनंतरच्या ताठरपणात या चुका टाळा

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या गार दगडी फरशीवर, व्हीलचेअरवरच्या माणसाचे पाय जास्त ताठरतात. घरचे थंडीला बोल लावतात आणि ताठरपणाची गोळी वाढवून मोकळे होतात. थंडीने ताठरपणा वाढतो हे खरेच, पण बऱ्याचदा खरे कारण दुसरीकडे असते.

मणक्याला मार बसला तरी इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो. स्नायू ताणला की तो आकसून घ्यायचा, हे काम तिथल्या तिथे चालू राहते; त्यावरचा मेंदूचा लगाम तेवढा सुटतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे लुळे असलेले पाय पुढे आपोआप झटके देऊ लागतात. ‘पाय हलला, म्हणजे ताकद येतेय’ असा आनंद करण्याची घाई नको. सांगितल्यावर हलतो का, ते बघा.

कारण न शोधता गोळी वाढवणे

ही सगळ्यात मोठी चूक. इजेखाली दुखणे जाणवत नाही, पण पाय ते झटक्यांनी सांगतात. झटके अचानक वाढले तर याच क्रमाने बघा: लघवीची नळी (कॅथेटर) पिळली किंवा मांडीखाली दबली आहे का, यूरोबॅग (लघवी साठायची पिशवी) भरली आहे का, लघवी गढूळ किंवा उग्र वासाची आहे का. मग शौचाला किती दिवस झाले. मग टाचा, माकडहाड आणि बसायची हाडे उघडी करून कातडी लाल झाली आहे का. शेवटी अंगठ्याचे मांसात रुतलेले नख, मोज्याचे घट्ट रबर, बॅगेचा पट्टा, मागच्या खिशातले पाकीट.

इजा डी-६ (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल आणि झटक्यांबरोबर डोके ठणकत असेल, चेहरा लाल होऊन घाम फुटत असेल, तर रक्तदाब चढतो आहे असे समजा. ताबडतोब ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी मोकळी करा. या लोकांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९०–११० असू शकतो, म्हणून १४० सुद्धा त्यांना जास्त. लगेच उतार पडला नाही तर थेट इमर्जन्सीत न्या आणि ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ हे शब्द तिथे स्पष्ट सांगा.

जोर लावून पाय सरळ करणे

जितक्या वेगाने ओढाल तितका स्नायू उलट खेचतो. पोटरीसाठी गुडघा सरळ ठेवा, टाच तळहातात धरा, आपला कोपरापुढचा हात त्याच्या तळपायाला टेकवा आणि अंगाचा भार हळूहळू द्या. नुसती बोटे दाबू नका. ३० ते ६० सेकंद धरायचे, हिसके नाहीत. तीन-चार वेळा, सकाळ-संध्याकाळ. मध्येच झटका आला तर सोडू नका, ओढूही नका. ओसरेपर्यंत आहे तिथे धरून ठेवा. न चालल्याने हाडे ठिसूळ झालेली असतात, दणकट मालीशवाल्याच्या हातून मांडीचे हाड मोडू शकते. गुडघा किंवा खुबा गरम लागून सुजला असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

शेकताना भाजणे

सिगडी, हीटर, गरम पाण्याची पिशवी हे बधिर पायांजवळ नकोच. रजाई आणि सैल लोकरी मोजे पुरतात. अंघोळीचे पाणी घरच्या माणसाने कोपर घालून बघावे. भाजलेली जागा स्वतःच झटक्यांना कारण होते.

औषधे परस्पर बदलणे

ताठरपणाची बॅक्लोफेन ही गोळी सहसा ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू करून दर तीन दिवसांनी हळूहळू वाढवतात. गुंगी येते म्हणून किंवा गोळ्यांची पट्टी संपली म्हणून एकदम बंद केले तर भास, तीव्र ताप, फिट्ससुद्धा येऊ शकतात. आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच नव्या आणा. टिझॅनिडीन ही ताठरपणाची दुसरी गोळी चालू असताना लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेणे धोक्याचे: रक्तदाब कोसळतो. केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक आणणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावे.

उंबरठा आणि उचलाउचल

वाड्याच्या उंच उंबरठ्यावरून खुर्ची धाडकन उतरवली की पाऊल पायपट्टीवर थडथडू लागते. टाच पूर्ण टेकवून गुडघ्यावर तळहाताने सावकाश खाली दाब द्या, बहुतेकदा थांबते. खुर्चीतून पलंगावर नेताना अंग मागे ताठरत असेल तर आधी ब्रेक लावा, पुढे वाकवून नितंब-गुडघे दुमडू द्या, झटका ओसरला की मगच हलवा.

सगळा ताठरपणा घालवायचाही नसतो. काही जण त्याच ताठरलेल्या पायांवर क्षणभर उभे राहून जागा बदलतात. गोळी जास्त झाली की तेवढेही जमेनासे होते. म्हणून डॉक्टरांना ‘फार ताठरतो’ एवढेच सांगू नका. कुठले काम अडते, झोप मोडते का, कुठल्या वेळी वाढते, हे सांगा. एखाद-दुसराच स्नायू अडवत असेल तर बोटॉक्सचे इंजेक्शन बरे पडते, त्याचा असर साधारण तीन महिने टिकतो. आणि वर सांगितलेले काहीच सापडले नाही, झटके मात्र वाढतच चालले, बधिरपणा पूर्वीच्या रेषेच्या वर सरकला किंवा हातातली ताकद कमी झाली, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झाली आहे का हे पाहायला एमआरआय करून घ्यावा लागतो.