सोल्डर धरत नाहीये? अजून सोल्डर घालू नका

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या (तिथली औद्योगिक वसाहत) एका छोट्या युनिटमध्ये हॅन्ड सोल्डरिंगला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डवर हाताने पार्ट डाखायच्या कामाला लागले तेव्हा पहिला आठवडाभर माझं एकच रडगाणं, सोल्डर धरतच नाही. पॅडवर (बोर्डवरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) मण्यासारखा गोळा बसायचा, वरून मस्त चमकायचा, आणि ट्वीझरने कंपोनंटचा पाय जरा हलवला की पाय मोकळा, गोळा तिथेच, मधे गोल भोक. मग मी अजून सोल्डर घालायचे. नवीन पोरंपोरी अजूनही हेच करतात म्हणून लिहितेय.

लाईनवर एक गुजराती काका होते, दांडिया बाजारात वाढलेले त्यामुळे मराठी छान बोलायचे. माझा बोर्ड हातात घेऊन म्हणाले, "बेन, भांड्यांना कल्हई करताना बघितलंय का कधी?" बघितलं होतं की! आजीची पितळेची पातेली. कल्हईवाला भांडं आधी घासायचा, भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथील नुसतं टेकवून कापसाने फिरवलं की अख्ख्या भांड्याला पसरायचं. काका म्हणाले, हे पण तेच, धातू स्वच्छ पाहिजे, गरम पाहिजे आणि फ्लक्स पाहिजे (नवसागरासारखं धातूवरचा थर साफ करणारं द्रव्य), एक जरी नसेल तर डाख बसत नाही. (पण म्हणून बोर्डला नवसागर किंवा पाइपाच्या कामाची ॲसिड पेस्ट लावू नका हां, ती नंतर तांबं खाते. रोझिनचा (राळेचा) फ्लक्सच वापरा.)

माझ्या सोल्डरिंग आयर्नचा बिट, म्हणजे तापणारं टोक, काळा ठिक्कर होता. काळा थर म्हणजे ऑक्साइड, त्यातून उष्णता नीट जातच नाही, आयर्न कितीही तापू दे. ओल्या स्पंजवर पुसायचा आणि लगेच ताजं सोल्डर चाटवायचं, आणि रात्री आयर्न बंद करताना पण सोल्डर लावूनच ठेवायचं. कानशीने घासू नका, वरचा लोखंडाचा मुलामा गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळतं आणि बिट संपला.

दुसरं म्हणजे जुना माल. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट, रेझिस्टरचे पाय मळकट दिसतात, त्यावर सोल्डर घसरून गोळा होतं. ब्लेडने हलकेच खरवडा, फ्लक्स लावा, आधी पायालाच सोल्डर चढवून घ्या. घरी एच केलेल्या (नको ते तांबं रसायनाने काढून बनवलेल्या) बोर्डचं तांबं तपकिरी झालं असेल तर खोडरबर घासा, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, आणि नंतर बोट लावू नका.

सगळ्यात महत्त्वाची हाताची सवय. बिटवर सोल्डर घेऊन ते पायावर नेऊन ठेवायचं नाही, तोवर सोल्डर वायरच्या आतला फ्लक्स धूर होऊन गेलेला असतो. बिट पॅड आणि पाय दोघांना एकदम टेकवा, सेकंदभर थांबा, मग वायर समोरच्या बाजूने पायाला लावा, बिटला नाही. साध्या जॉइंटला सगळं मिळून दोन-तीन सेकंद.

एवढं करूनही ग्राउंडचा पाय अडला तर घाबरू नका, तिथे मोठं तांबं सगळी उष्णता ओढून घेतं, २५ वॅटचं आयर्न तिथे पुरत नाही. रुंद बिट लावा, जास्त वॅटचं आयर्न घ्या, पण टेम्परेचर ४५० करून ठेवू नका, फ्लक्स जळतो आणि पॅड उखडतं. ६०/४० (कथील-शिसं) वायर १८३ ते १९० डिग्रीत वितळते, त्याला बिट ३२०-३५० वर पुरतो.

लेड-फ्री (बिनशिशाचं) सोल्डर साधारण २१७ च्या पुढे वितळतं आणि जॉइंट चांगला असला तरी मंदच दिसतो, म्हणून चमक बघू नका, भिंगातून कड बघा. सोल्डर पॅडवर पातळ होत उतरलं असेल तर धरलंय, कडेला आत वळलं असेल तर काढा, साफ करा, परत करा.