साताऱ्यातील महाविद्यालयात मुलांचा लॅक्रॉस संघ उभारताना

एखाद्या महाविद्यालयाने लॅक्रॉसचा, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने (स्टिकने) चेंडू झेलत-फेकत गोल करण्याच्या खेळाचा, संघ सुरू करायचे ठरवले, की प्रशिक्षकाच्या मनात आधी साहित्याचा विचार येतो आणि लगेच पाठोपाठ स्पर्धेचा. माझ्या मते हे दोन्ही विचार पहिले काही महिने बाजूला ठेवावेत. साताऱ्यात शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांनी या खेळाचे नावही ऐकलेले नसते, त्यामुळे जूनमध्ये ज्याच्या हातात स्टिक दिली तो मुलगा मार्चमध्येही मैदानावर दिसावा, एवढेच पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट ठेवणे शहाणपणाचे ठरते.

प्राचार्यांकडे परवानगी मागण्यास जाताना खेळाची ओळख थोडक्यात आणि नेमकी करून द्यावी. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा हा खेळ १९०४ आणि १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला होता, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो पुन्हा घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनातच झाला. मात्र सवलतीच्या गुणांचे किंवा नोकरीतील आरक्षणाचे आश्वासन प्राचार्यांनाही देऊ नये आणि मुलांनाही देऊ नये. विद्यापीठाच्या स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे की नाही, हे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जिमखान्याच्या फाइलला लावून ठेवावे.

पारंपरिक पद्धतीत प्रत्येक बाजूला दहा खेळाडू असतात आणि मैदान सुमारे १०० मीटर लांब व ५५ मीटर रुंद लागते. नव्या संघाने त्या वाटेला जाऊ नये. ऑलिम्पिकमध्ये जी ‘सिक्सेस’ पद्धत खेळली जाणार आहे, तिच्यात गोलरक्षकासह सहा खेळाडू, ७० बाय ३६ मीटरचे मैदान आणि आठ-आठ मिनिटांचे चार डाव असतात. चेंडू ताब्यात आल्यापासून तीस सेकंदांत गोलवर फटका मारावा लागतो. असे मैदान ४०० मीटरच्या धावपट्टीच्या आत सहज आखता येते, आणि बारा मुले जमली तरी आपसांत सामना खेळता येतो.

मुले मिळवण्यासाठी सूचनाफलकावर कागद लावून वाट पाहणे व्यर्थ आहे. जिथे मुले आधीच घाम गाळत आहेत तिथे आपण जावे. कबड्डीच्या मुलाला अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची भीती नसते आणि तालमीतल्या मुलाची कंबर आपोआप खाली असते, म्हणून बचावासाठी हे दोघे उत्तम वाटतात. पण धरणे हा लॅक्रॉसमध्ये फाउल आहे, आणि पकड करण्याची वर्षानुवर्षांची सवय मोडायला निदान दोन महिने जातात, हे गृहीत धरूनच त्यांना घ्यावे. खो-खोमध्ये पळतीत हुलकावणी देणारा मुलगा मधल्या फळीसाठी सोन्यासारखा असतो. हँडबॉलच्या मुलाला मोकळी जागा दिसते आणि पास कधी द्यायचा हे वेगळे शिकवावे लागत नाही. गोलरक्षक मात्र कोणावरही लादू नये. ज्याला चेंडूसमोर उभे राहण्यात मजा वाटते असा एक तरी मुलगा निघतोच, तो सापडेपर्यंत थांबावे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडे बरेच प्रशिक्षक दुर्लक्ष करतात, कारण ती मध्येच सोडून जातील अशी धास्ती असते. मी उलट सांगेन. त्यांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावण्याचा सराव करायचाच असतो; तोच सराव आपल्या वेळापत्रकात आठवड्यातून दोन दिवस घातला, तर ती मुले टिकतात आणि इतरांचाही दम वाढतो.

वेळापत्रक आखण्यापूर्वी प्रत्येक मुलाला त्याची शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारावे. कोरेगाव, रहिमतपूर, मेढा, परळी अशा बाजूंनी येणारी मुले संध्याकाळच्या सरावाला पहिल्या आठवड्यात उत्साहाने थांबतात आणि तिसऱ्या आठवड्यात दिसेनाशी होतात. त्यात आळस नसतो, गाडी चुकलेली असते. सकाळी तासांपूर्वीचा एक तास आठवड्यातून चार दिवस मिळाला, तर तो संध्याकाळच्या दोन तासांपेक्षा मोलाचा आहे. ऊसतोडीच्या दिवसांत घरच्या कामासाठी रजा मागणाऱ्या मुलाला रजा द्यावी, त्याचे नाव कापू नये.

पावसाळ्यात मैदान हाती नसते, आणि तोच काळ भिंतीचा. खिडक्या नसलेली एक भिंत शोधावी (मी एकदा ही खबरदारी घेतली नाही आणि प्रयोगशाळेच्या काचेचे पैसे स्वतः भरले), तिच्यापासून चार-पाच पावलांवर उभे राहून उजव्या हाताने पन्नास आणि डाव्या हाताने पन्नास वेळा चेंडू मारून झेलण्याचा नेम प्रत्येकाला लावावा. सुरुवातीला टेनिसचा चेंडू चालतो. खरा चेंडू भरीव रबराचा आणि सुमारे १४५ ग्रॅमचा असतो, तो हात बसल्यावरच द्यावा. डावा हात मुले टाळतात, म्हणून मोजणी डाव्या हातापासून सुरू करावी.

जमिनीवरचा चेंडू उचलणे हे तंत्र सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळ शिकवावे, कारण नवख्यांच्या सामन्यात चेंडू हवेपेक्षा जमिनीवरच अधिक असतो. शेतात काम केलेली मुले स्टिक खोऱ्यासारखी आपल्याकडे ओढतात. त्यांना गुडघ्यांत वाकून, मागचा हात जमिनीलगत आणून, न थांबता स्टिक चेंडूखालून पुढे सारायला सांगावे. पावले थांबली की चेंडू गेला.

साहित्य टप्प्याटप्प्याने घ्यावे. आधी स्टिक घ्याव्यात. साध्या स्टिकची लांबी ४० ते ४२ इंच असते आणि सिक्सेसमध्ये बचावपटूंना लांब स्टिक लागत नाहीत, हा खर्च वाचतो. हेल्मेट, हातमोजे, खांदा व कोपरांची कवचे आणि दातांचे रक्षक सर्वांना मिळेपर्यंत अंगाला अंग भिडणारा सराव एक मिनिटही घेऊ नये. क्रिकेटचे हेल्मेट येथे चालत नाही. गोलरक्षकाला गळ्याचे आणि छातीचे खास कवच हवेच, कारण छातीवर विशिष्ट क्षणी बसलेल्या चेंडूने हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून जवळचे रुग्णालय आणि तिथे पोहोचण्याचे वाहन सरावाच्या पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावे.

मुरमाच्या मैदानावर चेंडू लवकर गुळगुळीत होतात आणि जाळीत धरत नाहीत, असे चेंडू वेळीच बाजूला काढावेत. जाळी सैल होत गेली तरी मुलांच्या लक्षात येत नाही. दर पंधरवड्याला जाळीत चेंडू ठेवून स्टिक डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून पाहावे. चेंडूचा वरचा भाग कडेच्या पट्टीच्या खाली जाऊन मधून उजेड दिसू लागला, तर जाळी नियमबाह्य खोल झाली आहे आणि तिच्या दोऱ्या पुन्हा आवळाव्या लागतात. हे काम दोन मुलांना नीट शिकवून त्यांच्याकडेच सोपवावे. त्यांतला एक दुसऱ्या वर्षाचा असावा आणि एक पहिल्या.

पहिला सामना आपसांतच, दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावा. पंच आपणच व्हावे आणि धरण्याचा प्रत्येक फाउल न चुकता द्यावा, मग खेळ कितीही वेळा थांबला तरी चालेल.