सीव्हीई-२०२४-१०८६: तुमच्या लिनक्स सर्व्हरवर ही चूक शिल्लक आहे का ते तपासा आणि बंदोबस्त करा

सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-चुकांच्या यादीतला क्रमांक. लिनक्स कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) फायरवॉलमधल्या एनएफ-टेबल्स या भागातली ही चूक जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. मार्चमध्ये साध्या यूजरला रूट (सर्वाधिकारी यूजर) बनवणारा तयार कोड सगळ्यांच्या हाती आला. ३० मे रोजी अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या चुकांच्या यादीत तिची नोंद केली. दुरुस्ती आली तरी महिनोन्‌महिने रीबूट न झालेल्या सर्व्हरवर ती जिवंतच असते, म्हणून तपासणी चालू असलेल्या कर्नलची करायची असते, इन्स्टॉल केलेल्या पॅकेजची नाही.

नेमकं काय बिघडतं

पॅकेटचं काय करायचं हे एनएफ-टेबल्सचा नियम ३२ बिटांच्या एका आकड्यात सांगतो. खालच्या ८ बिटांत निकाल असतो: ० म्हणजे टाकून द्या, १ म्हणजे पुढे जाऊ द्या. टाकून देताना वरच्या १६ बिटांत एररचा आकडा देण्याची सोय होती, आणि कर्नल तो चिन्ह उलटवून परत करत असे. त्या १६ही बिटांत प्रत्येकी १ भरला की आकडा होतो उणे १, आणि उलटवल्यावर अधिक १. हाच ‘पुढे जाऊ द्या’चा आकडा! कर्नल पॅकेटची मेमरी मोकळी करतो, पण बोलावणाऱ्या फंक्शनला पॅकेट पास झाल्याचं कळवतो. ते फंक्शन मेलेलं पॅकेट पुढे नेतं आणि तीच मेमरी दुसऱ्यांदा मोकळी होते. मधल्या वेळात हल्लेखोर त्या जागेवर आपला डेटा बसवतो. यूजरकडून आलेला आकडा नीट न तपासता घेणारा हा कोड ३.१५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, कर्नलमध्ये होता. दुरुस्ती अगदी छोटी आहे: असा आकडा नियम घेतानाच नाकारायचा.

असे नियम घालायला नेट-ॲडमिन (नेटवर्कची सेटिंग बदलण्याचा) अधिकार लागतो. पण साध्या यूजरला स्वतःची यूजर नेमस्पेस (अधिकारांचं वेगळं, बंदिस्त आवार) उघडू दिली, तर तिच्या आत हा अधिकार त्याला आपोआप मिळतो. खरं दार तेच आहे.

तपासणी

आधी चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारा ‘युनेम -आर’ चालवा. मूळ कर्नलमध्ये ५.१५.१४९, ६.१.७६, ६.६.१५ आणि ६.७.३ या आवृत्त्यांत दुरुस्ती आहे; ६.८ पासून पुढे ती आहेच. पण वितरणाचा (उबंटू, रेड हॅट यांसारख्या तयार लिनक्सचा) कर्नल असेल तर या आकड्यांवर विसंबू नका. रेड हॅट ९ चा कर्नल शेवटपर्यंत ५.१४.० च दिसतो, दुरुस्त्या त्यात मागून घातलेल्या असतात. तिथे चालू कर्नलच्या कर्नल-कोअर पॅकेजवर ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग’ (बदलांची नोंद दाखवणारी कमांड) चालवा आणि त्यात ‘ग्रेप’ने २०२४-१०८६ शोधा. उबंटूवर बरेच जण लिनक्स-इमेज पॅकेजचा चेंजलॉग उघडतात आणि काहीच न सापडल्यामुळे घाबरतात. ते फक्त सही केलेलं पॅकेज असतं. खरी नोंद लिनक्स-मॉड्यूल्स पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये मिळते.

लाइव्ह पॅच (रीबूट न करता चालू कर्नलमध्ये घातलेली दुरुस्ती) लावला असेल तर ‘युनेम’चा आकडा बदलत नाही. ‘केपॅच लिस्ट’ किंवा ‘कॅनॉनिकल-लाइव्हपॅच स्टेटस’ बघा.

मार्चमध्ये खुला झालेला तो हल्ल्याचा कोड चालवून ‘आपण सापडतो का’ हे चालत्या सर्व्हरवर कधीही पाहू नका. ज्या कर्नलशी त्याचं जमत नाही तिथे मेमरी बिघडते आणि अख्खं मशीन कर्नल पॅनिकमध्ये जातं.

रीबूटची वेळ मिळेपर्यंत

नेमस्पेसचं दार लावा. डेबियन आणि उबंटूवर ‘कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन’ शून्य करा. रेड हॅट घराण्यात ही सेटिंग नसते, तिथे ‘यूजर.मॅक्स_यूजर_नेमस्पेसेस’ शून्य करा. ‘सिस्कटल -डब्ल्यू’ने बदल लगेच लागू होतो, पण रीबूटनंतर पुसला जातो, म्हणून तीच ओळ ‘/ईटीसी/सिस्कटल.डी’मधल्या फाइलमध्येही लिहा.

मग साध्या यूजरने लॉगिन करून ‘अनशेअर -आर आयडी’ चालवा. पहिल्या सेटिंगने परवानगी नसल्याची एरर येते. दुसरीने ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ अशी एरर येते. डिस्क भरलेली नसते, नेमस्पेसची मर्यादा संपलेली असते. ही चाचणी रूटने करू नका: पहिल्या सेटिंगमध्ये रूटला नेमस्पेस मिळतच राहते आणि उपाय लागलाच नाही असं वाटतं.

याची किंमत आहे. रूटशिवाय चालणारा पॉडमन (कंटेनर चालवणारं साधन) बंद पडेल; फ्लॅटपॅक (ॲप बसवण्याची एक पद्धत) आणि क्रोमच्या सँडबॉक्सलाही अडचण येऊ शकते. वेब किंवा डेटाबेस सर्व्हरवर यांपैकी सहसा काही नसतं, तिथे बिनधास्त बंद करा. डेव्हलपरच्या मशीनवर आधी विचारा.

दुसरा उपाय एनएफ-टेबल्स मॉड्यूलच अडवण्याचा. त्याआधी ‘आयपीटेबल्स -व्ही’ चालवा. कंसात एनएफ-टेबल्स दिसलं तर तुमचा आयपीटेबल्स आतून तोच भाग वापरतो. डेबियन १० आणि रेड हॅट ८ पासून हीच पद्धत आहे. अशा मशीनवर मॉड्यूल अडवलं की पुढच्या बूटला फायरवॉलचे नियम चढणारच नाहीत, आणि सर्व्हर उघडा पडल्याचं कोणाच्या लक्षातही येणार नाही. कंसात ‘लेगसी’ असेल आणि ‘एलएसमॉड’मध्ये (चढलेल्या मॉड्यूलच्या यादीत) हे मॉड्यूल नसेल, तरच या वाटेला जा. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये ‘इन्स्टॉल एनएफ_टेबल्स /बिन/फॉल्स’ ही ओळ पुरते. कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॉन्फिग_एनएफ_टेबल्स’समोर ‘एम’ऐवजी ‘वाय’ असेल, तर तो भाग कर्नलमध्येच बांधलेला आहे आणि ही ओळ निरुपयोगी आहे.

कंटेनर चालवत असाल तर

कंटेनरची इमेज अपडेट करून काहीही साधत नाही, कर्नल होस्टचाच असतो. डॉकरचा मूळ सेककॉम्प (कर्नलला होणारे कॉल गाळणारा) प्रोफाइल कंटेनरमधून नवी यूजर नेमस्पेस उघडू देत नाही, पण ज्या कंटेनरला तुम्ही स्वतः नेट-ॲडमिन अधिकार दिलाय त्याला नेमस्पेसची गरजच नसते. वरची सेटिंगही त्याला अडवत नाही. व्हीपीएनचे कंटेनर आधी शोधा, कारण हा अधिकार बहुतेक वेळा त्यांनाच दिलेला असतो. कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) सांगितल्याशिवाय सेककॉम्प लागत नाही, म्हणून पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाच्या) सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये ‘रनटाइम-डिफॉल्ट’ लिहावं लागतं. नोड (त्यातलं मशीन) एकेक करून रिकामा करा, कर्नल बदला, रीबूट करा आणि ‘युनेम -आर’ पुन्हा बघूनच कामाला लावा. ग्रबमध्ये (बूट होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्राममध्ये) जुना कर्नल ठरवून ठेवलेला असेल तर रीबूटनंतरही तोच उठतो.