अळी घरी वाढवताय? या चुका टाळा

लिंबाच्या रोपावर फुलपाखराची अळी दिसली, डब्यात ठेवली, पानं घातली आणि चार दिवसांत ती मेली. असं झालं की आपण खाणं कमी पडलं असं समजतो. पण बऱ्याच अळ्या मरतात त्या ओलाव्याने आणि आपल्या हाताळण्याने.

अळीला लागणारं पाणी पानांतूनच मिळतं. वरून फवारा नको, घट्ट झाकणही नको. डब्याच्या आत वाफ धरली की लेंड्यांवर बुरशी येते आणि रोग पसरतो. अळी काळपट, लिबलिबीत होऊन लोंबू लागली तर ती लगेच वेगळी करा आणि डबा धुऊन कोरडा करा. एरवी वर जाळीचं कापड, तळाला कागद, आणि तो रोज बदलायचा. डबा उन्हात ठेवू नका. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवणार असाल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी खाली उतरते आणि बुडते.

पान त्याच झाडाचं, ज्याच्यावर अळी सापडली. लिंबू फुलपाखराची अळी लिंबू, कढीपत्ता, बेल खाते, पण म्हणून रुईवरच्या अळीला लिंबाचं पान चालत नाही. विकतच्या रोपाबाबत मात्र जपा. आंतरप्रवाही कीटकनाशक रोपाच्या रसातच असतं, पान कितीही धुतलं तरी जात नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कात टाकताना. अळी दिवसभर एका जागी गप्प बसते, खात नाही. ती आजारी वाटते आणि आपण तिला उचलून ताज्या पानावर ठेवतो. खरं तर तिने रेशमाची बारीक गादी विणून पाय त्यात रोवलेले असतात. ओढून काढलं तर जुनी कातडी नीट सुटत नाही. पान बदलायचंच असेल तर ती बसलेला तुकडा कापून, अळीसकट नव्या फांदीवर ठेवा. शेवटच्या टप्प्यात ती पातळ विष्ठा टाकून सैरभैर फिरू लागली, तर तो बहुधा जुलाब नसतो. ती कोषासाठी जागा शोधत असते. आत एखादी काडी तिरकी उभी करा आणि दूर राहा.

नवा कोष मऊ असतो, त्याला हात लावू नका. कडक झालेला कोष खाली पडला तर शेपटाकडच्या रेशमाला दोरा बांधून टांगा. कोष काळा पडला म्हणून टाकूनही देऊ नका. कवचातून पंखांचे रंग दिसत असतील तर फुलपाखरू काही तासांत बाहेर येईल. एकसारखा काळा, मऊ आणि वास येणारा कोष मात्र गेलेला असतो. काही जातींत कोष महिनोन्महिने तसाच थांबतो.

माझं पहिलं फुलपाखरू अरुंद बरणीत निघालं. पंख पसरायला जागाच नव्हती, ते दुमडलेलेच वाळले. ते कधीच उडालं नाही, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. धरून चढायला खडबडीत बाजू आणि खाली पंख लोंबतील एवढी मोकळी जागा हवीच. खाली पडलेले लालसर थेंब रक्ताचे नसतात, ती कोषात साठलेली घाण असते. पंख वाळायला काही तास लागतात, तोवर त्याला उडवायला जाऊ नका.

कधी कोषातून फुलपाखराऐवजी माशीच्या अळ्या किंवा बारीक गांधीलमाश्या निघतात. त्यात तुमची चूक नाही, त्यांची अंडी बहुधा अळी घरी येण्याआधीच घातली गेलेली असतात. पुढच्या वेळी अळीऐवजी अंडं असलेलं पान आणा, म्हणजे हा धोका बराच कमी होतो.