बाटलीत बुडबुडा नको

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षी मी तलावाच्या तळाचं पाणी हा विषय घेतला आणि पहिलाच नमुना फेकून दिला. बाटलीत वर बोटभर हवा राहिली होती. मला हवे होते तळाचे सूक्ष्मजीव. ज्यांना ऑक्सिजन म्हणजे विष, त्यांचा हिशोब लॅबला पोचेपर्यंत संपलेला. डोंगा वल्हवणारे काका विचारत होते, "एवढ्या घाण पाण्यात काय शोधून राह्यल्या बाई?"

नागपुरातले तलाव काही फार खोल नाहीत. पण उन्हाळ्यात वारा पडला की वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्यात मिसळत नाही. ३० अंशांच्या पाण्यात मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू तो फस्त करतात. मग पंगती बसतात. आधी ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेणारे नायट्रेटवाले, मग तसेच सल्फेटवाले, शेवटी मिथेन सोडणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव. सल्फेटवाल्यांची पंगत उठली की सडक्या अंड्याचा वास येतो आणि गाळ काळा पडतो.

नमुना घेताना नळी बाटलीच्या बुडाशी टेकवा, दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वाहू द्या, बुडबुडा राहू देऊ नका. विंकलरची, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या चाचणीची, रसायनं काठावरच घाला. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. मात्र अंड्याचा वास असेल तर या चाचणीवर विसंबू नका, सल्फाइड आकडा खाली ओढतं. हे मला व्हायव्हात कळलं.

लॅबमध्ये सूक्ष्मजीव वाढवायच्या माध्यमात रेझाझुरिन हा ऑक्सिजन दाखवणारा रंग घालतात. गुलाबी दिसलं की हवा शिरली. माझं तीनदा गुलाबी झालं. मिथेनवाले वाढायला आठवडे घेतात, तेव्हा प्रोजेक्ट जानेवारीत सुरू करून मार्चमध्ये उरकायचा बेत असेल तर विषय बदला.

वाचायला सुरुवात करायची तर स्वित्झर्लंडच्या झुग तलावापासून करा. तिथल्या खोल पाण्यातल्या एका सिलिएटच्या (अंगावर केसांसारखे तंतू असलेल्या एकपेशीय जिवाच्या) पोटात नायट्रेटवर श्वास घेणारा जिवाणू राहतो, हे २०२१ मध्ये छापून आलं. पेशीला जणू भाड्याचं फुफ्फुस!

अॅडमिशनच्या आधीच हात बसवायचा असेल तर काचेच्या उंच बरणीत तलावाचा गाळ, फाडलेला पेपर आणि उकडलेल्या अंड्याचा बलक घाला, वर तलावाचंच पाणी. झाकण सैल ठेवा. महिन्या-दीड महिन्यात जिवाणूंचे हिरवे-जांभळे पट्टे दिसू लागतात. उजेड हवा, पण मे महिन्यात थेट उन्हात ठेवाल तर शिजेल. माझी बरणी कूलरशेजारी होती. वास घरभर फिरला आणि आईने ती गच्चीवर पाठवली.